डालगे, खुराडे आणि थंडी : उंबरमाळी परिसरातील परसातील कोंबडीपालनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात जमीन, पाणी, जंगल व सावकारी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. परसातील कोंबडी मात्र या इतिहासात बहुधा तळटीपेपुरतीच येते. वास्तविक पाहता डोंगराळ भागातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या घरात स्त्रीच्या हाती असणारी रोकड बऱ्याच वेळा कोंबडी आणि अंडी यांतूनच येते. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आजारपणातील औषध, पाहुण्यांचा पाहुणचार आणि गावदेवाचा मान या सर्व गरजा ती भागविते. त्यामुळे पाच-सात कोंबड्या एका रात्रीत मरणे ही त्या घराच्या दृष्टीने किरकोळ घटना नसते.

प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील उंबरमाळी आणि त्यालगतचा शहापूर-मुरबाडचा डोंगरपट्टा डोळ्यांसमोर ठेवून, थंडीच्या दिवसांत कोंबड्यांचे रक्षण कसे होत आले आणि गेल्या शतकात त्यात कोणते बदल झाले, याचा आढावा घेतला आहे. थंडीपासून रक्षण हा वरवर पाहता उबेचा प्रश्न वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहता, ही ऊब कोण देते, त्याचा खर्च कोण सोसते आणि रात्री खुराड्याचे दार लावायला घरात कोण असते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

परिसर आणि तेथील थंडी

उंबरमाळी हे गाव मध्य रेल्वेच्या मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून इगतपुरीस गेली. तानसा, वैतरणा व भातसा या नद्यांच्या खोऱ्यांमुळे मुंबईचा पाणीपुरवठा या तालुक्यावर अवलंबून आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी व आगरी हे येथील प्रमुख समाज होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शहापूर व मुरबाड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले.

या भागात पाणी गोठविणारी थंडी पडत नाही. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दिसणारे हिमकण किंवा निफाड परिसरात काही वर्षी गोठणबिंदूजवळ जाणारा पारा येथे आढळत नाही. तथापि डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावरून उतरणारी कोरडी, गार हवा दरीत साचते आणि पहाटेचे तापमान समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा बरेच खाली उतरते. दुपारी ऊन कडक असते. एकाच दिवसातील हा मोठा चढउतार येथील हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य होय.

कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. पूर्ण पिसे आलेला पक्षी अंग फुलवून पिसांत हवा धरून ठेवतो आणि तिच्या आधारे बऱ्यापैकी थंडी सोसतो. त्यासाठी अंग व बसण्याची जागा कोरडी हवी आणि वाऱ्याचा थेट झोत नको. काश्मीर, युरोप किंवा उत्तर अमेरिका येथील कडक हिवाळ्यात कोंबड्यांचे तुरे हिमदंशाने काळे पडतात. तेथेही अनुभवी पालक खुराडे सर्व बाजूंनी बंद करीत नाहीत. कोंबड बसण्याच्या उंचीवर वारा लागू देत नाहीत, मात्र वरच्या बाजूस हवा खेळती ठेवतात. कारण बंद जागेत श्वासाची वाफ व विष्ठेतून निघणारा अमोनिया साचतो. ओलावा आणि कोंडलेली हवा कोरड्या थंडीपेक्षा अधिक घातक असते.

पिल्लांची स्थिती वेगळी असते. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती दोन-तीन अंशांनी कमी करता येते. ज्या थंडीत मोठी कोंबडी निर्धास्त झोपते, त्याच थंडीत पिल्लू पहाटेपर्यंत गारठून मरते. म्हणून या पट्ट्यातील हिवाळ्याचा प्रश्न प्रामुख्याने पिल्लांचा आहे.

खुडूक कोंबडी, डालगे व चूल

पारंपरिक व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर खुद्द कोंबडीच देत असे. अंड्यांचा एक हप्ता घालून झाला की देशी कोंबडी खुडूक होते. घरातील स्त्री तिला पाटीत भाताचा पेंढा घालून, दहा-बारा अंडी देऊन रवणावर बसविते. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. पुढील सहा ते आठ आठवडे आई त्यांना पंखांखाली घेते, चरायला शिकविते, घारीची सावली दिसताच आवाज देऊन गोळा करते. या काळात बाहेरून उष्णता देण्याची गरज पडत नाही.

हा हंगामही सोयीचा असतो. भाताची कापणी व झोडणी आटोपल्यावर खळ्यावर सांडलेले दाणे, नाचणी-वरईची कणी आणि शेतातील किडे यांमुळे हिवाळ्याच्या आरंभी कोंबड्यांना चारा मुबलक मिळतो. थंडीत शरीर तापते ठेवण्यासाठी लागणारा जादा आहार असा विनामूल्य उपलब्ध होतो. दिवस लहान झाल्याने अंडी कमी होतात, हेही येथे सर्वांना माहीत असते. या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास प्रकाश लागतो.

निवाऱ्याची साधने घरातीलच होती. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती वारा अडवितात, पण हवा पूर्णपणे कोंडत नाहीत. बांबूचे डालगे पिल्लांवर पालथे घातले जाते. मोठ्या कोंबड्या पडवीतील खुराड्यात किंवा घरातच, चुलीची धग पोहोचेल अशा कोपऱ्यात कोंडल्या जातात. चुलीची राख जमिनीवर टाकल्याने ओल शोषली जाते आणि तीत लोळून कोंबड्या अंगावरील उवा झाडतात. भाताचे तूस पसरल्यास खालून येणारा गारवा कमी होतो.

खुराड्याचे दार थंडीपेक्षाही शत्रूंसाठी अधिक आवश्यक असते. तानसा अभयारण्य आणि सभोवतालचे जंगल यांमुळे रानमांजर, मुंगूस, कोल्हा व साप यांचा वावर वस्तीपर्यंत असतो. मुंगसाला आत शिरण्यास लहानशी फट पुरते. त्यामुळे हवा येईल पण मुंगूस येणार नाही, अशा बेताने बांबूच्या पट्ट्या विणणे हे कौशल्याचे काम आहे. ते लिखित स्वरूपात आढळत नाही. सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे ते चालत आले.

या व्यवस्थेचे अवास्तव गुणगान करणे मात्र योग्य ठरणार नाही. पिल्लांपैकी बरीच मोठी होण्यापूर्वीच मरत. घरात कोंबड्या कोंडल्याने धूर, विष्ठा व पिसवा यांचा त्रास माणसांनाही होई. आणि एका आपत्तीपुढे ही सर्व व्यवस्था निष्प्रभ ठरे. ती आपत्ती म्हणजे मानमोडी.

मानमोडी आणि लस

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला मराठी माणसाने ‘मानमोडी’ हे नाव दिले होते. कोंबड्यांच्या राणीखेत रोगासही मराठीत हेच नाव रूढ आहे. या रोगात पक्षी सुस्त होतो, हिरवट हगवण लागते, श्वासास त्रास होतो आणि वाचलेल्यांची मान पिळवटते. १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हा रोग प्रथम ओळखला गेला. त्यानंतर लवकरच हिमालयातील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात त्या गावाचे नाव त्यास चिकटले. १९४० च्या दशकात मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत त्यावरील लस विकसित झाली. पुढे पुण्यातील औंध येथील शासकीय संस्थेत अशा लसींची निर्मिती होऊ लागली.

लस उपलब्ध होऊनही ती डोंगरातील पाड्यापर्यंत नियमित का पोहोचली नाही, याचे कारण केवळ अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि द्रावण तयार केल्यावर ती साधारण दोन तासांत संपवावी लागते. मोठ्या फार्मवर हे सहज जमते. परंतु पाड्यावरील एका घरात पाच-दहा पक्षी असतात आणि सूर्य उगवला की ते रानात पांगतात. म्हणजे एका कुपीसाठी दहा-पंधरा घरांचे पक्षी एकाच वेळी हाती लागले पाहिजेत. हे केवळ पहाटे दार उघडण्यापूर्वी किंवा सांजावल्यावर शक्य असते. ज्या घरी खुराडे नाही, कोंबड्या झाडावर बसतात, त्या घराचे पक्षी लसीकरणातून सुटतात आणि साऱ्या पाड्याला धोका राहतो.

लसीकरणाचे यश असे खुराड्यावर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात विकसित झालेली, उष्णता काही प्रमाणात सोसणारी ‘आय-२’ ही लस मोझांबिक, टांझानिया व व्हिएतनाम येथील खेड्यांत वापरली गेली. शीतसाखळीची अडचण तिने सौम्य केली. पक्षी एकत्र मिळण्याची अडचण मात्र तेथेही गावकऱ्यांच्या सहभागानेच सोडवावी लागली.

सुधारित जाती आणि हरवलेली आई

स्वातंत्र्योत्तर काळात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमातून आणि पुढील पंचवार्षिक योजनांतून कोंबडीपालनास चालना मिळाली. व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे नर खेड्यांत देऊन देशी कोंबड्यांची ‘सुधारणा’ करण्यावर भर देण्यात आला. मुंबईत आरे येथे केंद्र शासनाचे कुक्कुट प्रक्षेत्र आणि पुण्यात खडकी येथे राज्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र उभे राहिले. पुढे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराजा’ आणि हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने ‘वनराजा’ हे परसासाठीचे पक्षी विकसित केले.

या धोरणाचे मोजमाप अंड्यांच्या संख्येत होते. देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते, तर संकरित लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. या तुलनेत देशी कोंबडी आळशी ठरते. पण हिशोब जरा बारकाईने मांडला पाहिजे. एका रवणास तीन आठवडे आणि पिल्लांच्या संगोपनास सहा ते आठ आठवडे, असे एका वेतास नऊ ते अकरा आठवडे लागतात. वर्षात तीन वेळा पिल्ले काढणारी कोंबडी निम्म्याहून अधिक वर्ष अंडी न देता उबवणी व दाईपण करीत असते. हे काम आकडेवारीत धरले गेले नाही, म्हणून तिचे उत्पन्न कमी दिसले.

अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूक होण्याचा गुण कमी करणे क्रमप्राप्त होते. त्याची जागा यंत्राने घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधील पेटालुमा येथे १८७९ मध्ये व्यवहार्य उबवणी यंत्र तयार झाले. निघाल्यानंतर पिल्लू पोटातील बलकावर सुमारे तीन दिवस तग धरते. या निसर्गदत्त सवलतीचा लाभ घेऊन १९१८ पासून अमेरिकन टपाल खाते एकदिवशीय पिल्ले वाहून नेऊ लागले. भारतातही उबवणी केंद्रातून खेड्यात पिल्ले पाठविणे याच गुणामुळे शक्य झाले.

परंतु पिल्लू पाड्यावर पोहोचल्यानंतर त्याला ऊब कोण देणार? खुडूक न होणाऱ्या जातीची पिल्ले आईविना येतात. त्यांना विजेचा दिवा, शेगडी किंवा ब्रूडर लागतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन होते. जानेवारीच्या रात्री वीज गेली की दिव्याखालील पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पूर्वी जी ऊब घरच्या कोंबडीकडून विनामूल्य मिळत होती, ती आता वीजबिल, दिवा आणि रात्रीची जागल यांच्या रूपाने विकत घ्यावी लागली. शिवाय जड अंगाचे पक्षी शत्रू दिसताच उडून झाडावर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे दाराची निकड वाढली.

राज्य शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अनुदानावर १०० एकदिवशीय पिल्लांचा गट किंवा आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नरांचा गट, असे दोन प्रकार आढळतात. कागदावर हा संख्येचा फरक वाटतो. थंडीच्या दृष्टीने तो मूलभूत आहे. पहिल्या प्रकारात उबेचा सारा भार लाभार्थी स्त्रीवर पडतो. दुसऱ्या प्रकारात पक्ष्यास पूर्ण पिसे आलेली असतात व कृत्रिम उष्णतेची गरज संपलेली असते. तलंगांचा गट हा एका अर्थी हरवलेल्या आईची शासनाने केलेली भरपाई होय.

दिवाळीनंतरचे रिकामे घर

हिवाळ्याच्या या चर्चेत एक सामाजिक वास्तव दुर्लक्षून चालणार नाही. शहापूर-मुरबाड भागातील अनेक कातकरी व काही ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नेमक्या थंडीच्या महिन्यांत घरात चूल पेटत नाही, राख पडत नाही आणि सायंकाळी कोंबड्या कोंडायला कोणी नसते. अशा कुटुंबापुढे पक्षी विकणे, नातेवाइकांकडे ठेवणे किंवा डालग्यात घालून भट्टीवर नेणे एवढेच पर्याय उरतात. घाईने विकलेल्या पक्ष्यास भाव कमी मिळतो. भट्टीवर भिंतीऐवजी विटांचा आडोसा व वर प्लास्टिक असते. वेगवेगळ्या गावांचे पक्षी तेथे एकत्र येत असल्याने रोगाचा प्रसारही सुकर होतो.

कोणतीही योजना लाभार्थी वर्षभर घरी आहे असे गृहीत धरते. ज्या कुटुंबाचे घरच हिवाळ्यात बंद असते, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. सर्वांत गरीब घर अशा रीतीने या साध्या जोडधंद्यातूनही गळते.

बर्ड फ्लू : हिवाळ्याचा नवा अर्थ

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा (एच५एन१) पहिला प्रादुर्भाव जाहीर झाला. त्या वेळी फार्मवरील पक्ष्यांबरोबर आसपासच्या परसातील पक्षीही नष्ट करण्यात आले. मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील परसातील कोंबड्यांतही हा रोग आढळला. शहापूर तालुक्यास त्याचा अनुभव फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. वेहळोली येथे सुमारे १०० पक्षी मेल्यानंतर तपासणीत बर्ड फ्लू निष्पन्न झाला आणि एक किलोमीटर परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले.

स्थलांतरित पाणपक्षी हिवाळ्यात जलाशयांवर उतरतात आणि रोगाच्या संक्रमणात त्यांचा वाटा असू शकतो. फार्ममधील वाहतूक, खोकी व माणसांची ये-जा हेही तितकेच महत्त्वाचे मार्ग आहेत. थंड व ओलसर जागी विषाणू दीर्घकाळ टिकतो. म्हणून या ऋतूतील जोखीम वाढते.

परिघ आखताना फार्म आणि परस यांत भेद केला जात नाही आणि रोगनियंत्रणाच्या दृष्टीने तो करताही येत नाही. परंतु परिणाम समान नसतो. फार्ममालकाजवळ नोंदवही, कर्ज व पुढील खेपेची पिल्ले असतात. पाड्यावरील स्त्रीजवळ वंश टिकविणारी कोंबडी असते. ती गेल्यावर शासकीय भरपाई पक्ष्याच्या वजनाची व वयाची होते, आईपणाची होत नाही. तसेच भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांचीच मिळते, आधी मेलेल्यांची नाही. साहजिकच मरतूक उशिरा कळविणाऱ्याचे अधिक नुकसान होते. ही माहिती प्रादुर्भावापूर्वीच गावात पोहोचली पाहिजे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील होते आणि २०१२ च्या तुलनेत त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. त्यामुळे परसातील कोंबडीस अस्तंगत होणारी प्रथा मानणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. उंबरमाळी परिसरात मोठ्या पक्ष्यास थंडीपेक्षा ओल, वाऱ्याचा झोत, कोंडलेली हवा व शत्रू यांपासून अधिक धोका असतो. थंडी प्रामुख्याने पिल्लांना मारते.

२. पिल्लांना ऊब देण्याचे काम देशी कोंबडी करीत होती. अंड्यांच्या संख्येवर आधारलेल्या सुधारणेने ते काम हिशोबात धरले नाही. सुधारित पक्षी देताना डिसेंबर-जानेवारीत एकदिवशीय पिल्लांऐवजी तलंगा देणे, अथवा प्रत्येक घरी उबवणीसाठी एक-दोन देशी कोंबड्या राखण्यास उत्तेजन देणे श्रेयस्कर ठरेल.

३. कोरडे, हवेशीर व मजबूत दाराचे खुराडे हे थंडी, शिकारी प्राणी, मानमोडीची लस आणि साथीच्या काळातील बंदिस्ती या चारही गरजांचे समान साधन आहे. पक्ष्यांबरोबर खुराड्याचाही विचार योजनेत व्हावयास हवा.

४. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी योजनेचे वेळापत्रक परतीच्या महिन्यांशी जोडणे आवश्यक आहे.

गेल्या शतकात शासनाने पक्षी दिला, प्रयोगशाळेने लस दिली आणि बाजाराने भाव दिला. सायंकाळी कोंबड्या मोजून दार लावण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच घरातील स्त्रीकडे राहिले. तिचे हे काम प्रथम योजनेच्या हिशोबात धरले गेले, तरच पहाटे दार उघडल्यावर पिल्लांची संख्या आदल्या सायंकाळइतकीच भरेल.